मठातला की मंठ्यातला

हे लिहायला मी बसले आहे खरी, पण तसा अधिकार मला आहे असे अजूनही वाटत नाही. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा लिहू पाहणाऱ्या बाईने निदान स्वतःला नीट ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी लिहावे. मी लिहिणार आहे ते युरोपातल्या एका देशाविषयी, जो मी पाहिलेला नाही, ज्याची भाषा मला येत नाही आणि ज्याचे नाव मी शिकत असतानाच बदलून गेले. जाणकारांनी हा आगाऊपणा पोटात घालावा. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल की त्या देशातली चार-पाच थोर माणसे मी कापसाच्या ओळींमधून ओरडून ओरडून शिकले, आणि ओरडणे हा माझा स्वभाव नव्हे.

माझे माहेर जालन्याचे. वडील सरकारी कचेरीत होते आणि घरात आवाज चढवणे असभ्यपणाचे समजले जाई. जेवताना मीठ हवे असले तरी आम्ही भावंडे ते डोळ्यांनी मागत असू. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, शिक्षणशास्त्राची घेतली. दोन्ही वेळा तोंडी परीक्षेत गुण कमी पडले आणि लेखी परीक्षेने ते भरून काढले. नव्वदनंतर लवकरच लग्न होऊन मी वडीगोद्रीजवळच्या एका गावात, शेतकरी कुटुंबात आले. तिथे माणसे या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलत. माझे बोलणे समोर बसलेल्या सासूबाईंनाही दुसऱ्यांदा विचारावे लागे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात जवळच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा निघाली. मुलाखतीनंतर नमुना पाठ घ्यायचा होता. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे एक सदस्य, वयाने मोठे, पांढऱ्या टोपीचे, मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी पानांचे प्रकार शिकवले. पाठ संपल्यावर ते उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले,

"बाई, तुमचं ज्ञान बराबर असंल. पण ते तिसऱ्या बाकापर्यंत आलं अन् तिथंच बसलं. आमच्याकडं काई न्हाई पोचलं."

वर्ग हसला, मुख्याध्यापकही हसले. ती जागा मंडळाच्याच दुसऱ्या शाळेतून बदलून आलेल्या एका वयस्क शिक्षकांना मिळाली. मात्र ते शिक्षक वर्षअखेर निवृत्त होणार असल्याचे कळले, म्हणजे पुढच्या जूनमध्ये तीच जागा पुन्हा निघणार होती. घरी सासऱ्यांनी सगळे ऐकून घेतले. ते कमी बोलत, पण बोलले की ते ठरल्यासारखे असे.

"आणखी एक बार जा," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर मंग शेतात जीव लाव. अर्ध्यात लटकून राहू नको."

म्हणजे माझ्या हाती एकच वर्ष आणि एकच संधी होती. त्या रात्री मी मनाशी ठरवले की विज्ञान मला येते, आता फक्त आवाज शिकायचा. तो कुठे शिकवतात हे मात्र ठाऊक नव्हते.

तो शेतातच शिकता आला. आमच्या भागात तेव्हा पुष्कळ शेतकरी बियाण्याच्या कंपन्यांसाठी संकरित कापसाचे बी तयार करून देत. सासऱ्यांनीही त्या वर्षी बियाण्याचा प्लॉट घेतला होता. या कामाला सगळेच क्रॉसिंग म्हणत. दुपारनंतर मादी ओळींतल्या उमलायला आलेल्या कळ्या नखाने सोलून त्यांतले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळींतली फुले आणून त्यांचे पराग त्या सोललेल्या कळ्यांना लावायचे आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. पोळ्याच्या सुमारास सुरू झालेले हे काम दसऱ्यापर्यंत चाले. ते हलक्या हाताचे काम, म्हणून बायकांचे. आजूबाजूच्या घरांतल्या बायका सावडीने येत. आज त्या आमच्यात, उद्या आम्ही त्यांच्यात.

तिथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. सासरी आलेली बाई तिच्या माहेरच्या गावाने ओळखली जाई. मोठ्या जाऊबाई हसनाबादवाली, मी जालनेवाली, आणि प्लॉटच्या अगदी शेवटच्या ओळीत काम करणारी शेजारच्या शेताची मालकीण मंठा गावची, म्हणून ती मंठेवाली. ती कानाने तिखट आणि जिभेनेही.

जाऊबाईंनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढले.

"मास्तरीण व्हायचंय ना तुला? मंग हितंच शिकव. आमाला बी कळू दे काई. मंठेवालीच्या कानापर्यंत गेलं तर शाळेच्या भिंतीपर्यंत जाईलच."

"काय सांगू?" मी विचारले.

"आं?"

"काय सांगू!"

"ते तू ठरव. पण हे जे आपण करू राह्यलो, हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं, ते सांग. कंबर मोडली माझी. त्याला शिव्या तरी देता येतील."

ते मला ठाऊक होते, निदान वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात होते तेवढे. मी ताठ उभी राहिले आणि जमेल तितक्या मोठ्याने सांगू लागले की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात एक साधू होता, तो मठात राहत होता, आणि मठातल्या बागेत वाटाण्याच्या फुलांचे हेच काम स्वतःच्या हाताने वर्षानुवर्षे करत होता. उंच वाटाण्याशी बुटका, पिवळ्याशी हिरवा. कोणते गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि कोणते लपून बसतात, याचा हिशेब त्याने लावला. पण तो जिवंत असेपर्यंत कोणी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

वारा उलटा, आमच्याकडे वाहत होता. थोड्या वेळाने शेवटच्या ओळीतून आवाज आला.

"मंठ्यात कोणत्या गल्लीत?"

मला प्रश्नच समजला नाही. मी मान डोलावली. माझ्या शेजारच्या ओळीतल्या बाईने ओरडून सांगितले, "ती म्हणती, व्हय." तेवढ्यावर काम पुढे सरकले.

चार दिवसांनी कंपनीचा सुपरवायझर प्लॉट पाहायला आला, तेव्हा मंठेवालीने त्यालाच धरले.

"तुमी आमाला क्रॉसिंग शिकवायला येता, पण हे मूळ आमच्या मंठ्याचं हाय, हे ठाऊक हाय का? मंठ्यात एक साधू राह्यचा. वाटाण्यावर करायचा. जालनेवालीच्या पुस्तकात हाय!"

सुपरवायझर माझ्याकडे पाहू लागला. माझ्या लक्षात आले की मठात म्हटलेले वाऱ्यावरून जाता जाता मंठ्यात होऊन पोहोचले होते. मी काहीतरी पुटपुटले. ते त्यालाही ऐकू गेले नाही. तो हसत पुढे गेला. दरम्यान मंठेवाली नागपंचमीला राहिलेली माहेरची भेट पोळ्यानंतर उरकून आली होती आणि ही बातमी तिकडे पोहोचवून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परागाची फुले बाजूला ठेवली आणि तिच्या ओळीपर्यंत न जाता जागेवरूनच ओरडले. "मंठा न्हाई! मठ! मठ! गोसाव्यांचा असतो तसा!"

सगळा प्लॉट थांबला. मी आयुष्यात इतक्या मोठ्याने बोलले नव्हते, आणि तेही त्यांच्या बोलीत.

"आता काय उपयोग," मंठेवाली शांतपणे म्हणाली. "भावाला सांगून बसले मी. बरं, मंग गाव सांग त्याचं. गाव असंलच ना?"

गाव सांगणे भाग होते, कारण गावाशिवाय माणूस म्हणजे आमच्या त्या जगात अर्धवट गोष्ट. मी गावाचे नाव सांगितले, ते कोणालाच म्हणता आले नाही. देशाचे सांगितले: चेकोस्लोव्हाकिया.

"चेक? बँकेतला?" कोणीतरी विचारले.

"तो देश कसा हाय? माणसं कशी?" जाऊबाई म्हणाल्या. "नुसतं नाव सांगू नको. एखादं स्थळ आलं तर आपण काय विचारतो? घरात कोण-कोण, काय करतात, कसे वागतात. तसं सांग. त्या देशात पोरगी द्यावी की न्हाई, ते आमी ठरवू."

बायका हसल्या, पण ती गोष्ट तिथेच ठरली. माझ्या यजमानांना अंबडच्या वाचनालयातून विश्वकोशाचे जाड खंड आळीपाळीने आणायला मी सांगू लागले. यजमान बसमधून ते मांडीवर घेऊन येत आणि एकदाही तक्रार न करता म्हणत, "आज कोणाला आणलं बघ." संध्याकाळी मी वाचे आणि सकाळी ओळीत उभी राहून सांगे. त्या लोकांची नावे कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनाही आमच्या रीतीने नावे पडली. साधू तो वाटाणेवाला झाला.

त्यानंतर आला बूटवाला. त्याने खेड्यासारख्या गावात कारखाना काढून जगभर पादत्राणे विकली. आमच्या शाळांतल्या मुलांच्या पायांत असलेले काळे बूट मूळ त्याच्याच घराण्याचे. हे कोणालाच पटेना.

"ते तर आपले हायेत. जालन्यात दुकान हाय त्यायचं," जाऊबाई म्हणाल्या. "माझा बाप मला घालायचा ते बूट. परदेशी असते तर बापाने घेतलेच नसते."

खरे सांगायचे तर विश्वकोश उघडेपर्यंत माझीही तीच समजूत होती.

सर्वांत जास्त दिवस चालला तो पळणारा. एकाच ऑलिंपिकमध्ये लांब पल्ल्याच्या तीन शर्यती त्याने जिंकल्या, आणि तिसरी, सगळ्यांत लांबची, तर तो त्याआधी कधी पळलेलाच नव्हता. पळताना त्याचे तोंड असे वेडेवाकडे होई की पाहणाऱ्याला वाटावे, आता हा पडणार. ते मी करूनही दाखवले.

"कोण लागलं होतं त्याच्या मागं?"

"कोणी नाही. शर्यत होती."

"आन् बायको?"

"त्याची बायकोही खेळाडू होती. त्याने एक शर्यत जिंकली त्याच दिवशी तिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले."

शेवटच्या ओळीतून लगेच प्रश्न आला. "मंग त्या दिशी सैपाक कोण केला?"

हसण्याचा लोट ओसरल्यावर जाऊबाई मात्र हसल्या नव्हत्या हे माझ्या ध्यानात आले. कळीतले पुंकेसर काढता काढता त्या म्हणाल्या, "नवरा पळतो म्हणून ती घरी न्हाई बसली. बरं हाय." आणि संध्याकाळी चुलीपुढे बसताना मला म्हणाल्या, "तू वाच. भाकरी मी करते." पुढच्या जूनपर्यंत संध्याकाळच्या भाकरी त्यांनीच केल्या.

एका लेखकाविषयीही मी सांगितले. यंत्राच्या माणसाला सगळे जग आज ज्या शब्दाने ओळखते, तो रोबोट हा शब्द त्याच्या नाटकातून आला आणि तो सुचवला त्याच्या भावाने. त्यांच्या भाषेत त्याचे मूळ होते वेठीला धरून करून घेतलेल्या कामात. वेठ हा शब्द कोणाला कळला नाही. मी बेगार म्हटले आणि एका वयस्क बाईने कामावरून मान वर केली. "बेगार त्यायच्याकडं बी होती का?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याला धरून न्यायचे, साहेबाचं सामान वाहायला." आणि ती पुन्हा कळ्या सोलू लागली. त्या सकाळी आणखी काही सांगण्याची गरज पडली नाही.

अडचण एकच राहिली होती. विश्वकोशात वाटाणेवाल्यापुढे ऑस्ट्रियाचे नाव होते. तो जर्मन बोलत असे आणि त्याच्या काळी तो सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. मग त्याला या देशाचा म्हणावा की त्या? मी रात्री जेवताना हे बोलून दाखवले, तेव्हा सासरे म्हणाले,

"आपण हैदराबाद संस्थानात होतो. आमच्या सातबाऱ्याचे जुने कागद उर्दूत हायेत. शाळा बी उर्दूत झाली माझी. म्हणून मी काय हैदराबादचा झालो का? जिथली माती हातानं उकरली, तिथला तो."

कोणत्याही पुस्तकात मला याहून सरळ निवाडा मिळाला नाही, आणि मी तो तसाच प्लॉटवर ओरडून सांगितला.

क्रॉसिंग संपले, बोंडे फुटली, वेचणी सुरू झाली. १९९३ च्या जानेवारीत एका सकाळी सासरे ट्रान्झिस्टर घेऊन बांधावर आले आणि म्हणाले, "तुझ्या देशाची वाटणी झाली."

आमच्याकडे वाटणी हा शब्द उच्चारला की पाठोपाठ काय येते ते सगळ्यांना ठाऊक असते. बायका वेचायच्या थांबल्या.

"कोर्टात किती वर्षं चाललं?" मंठेवालीने विचारले.

"कोर्टात गेलेच नाहीत," मी बातमी ऐकत म्हणाले.

"डोकी फुटली असतील."

"एकही नाही. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी बसून ठरवले. चेक वेगळे, स्लोव्हाक वेगळे."

मग जाऊबाईंनी ओटीतला कापूस झोळीत टाकला आणि म्हणाल्या, "बांधावरून भांडण न करता वाटणी करतात, त्या घरी पोरगी द्यायला बिलकुल हरकत न्हाई."

तसे ते स्थळ पसंत झाले. मी मात्र घरी जाऊन नकाशा पाहिला आणि कळले की वाटाणेवाला, बूटवाला, पळणारा आणि नाटकवाला हे सगळेच चेकांच्या वाट्याला गेले होते. दुसऱ्या भावाच्या वाट्याला कोण आले, असे बायकांनी विचारले. मी फक्त एका घरची चौकशी करून आले होते.

जून आला. त्याच शाळेत, त्याच वर्गात, तेच सदस्य शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी फळ्यावर वाटाण्याचे फूल काढले आणि परागीभवन शिकवायला सुरुवात केली. आवाज मी शेवटच्या ओळीतल्या मंठेवालीला सांगत असल्यासारखा लावला होता. पाठ चांगला चालला होता. तो संपत आला तेव्हा त्या सदस्यांनी हात वर केला.

"एक विचारू का बाई? आमची सासुरवाडी मंठ्याची. तिकडं असं ऐकलं की हे क्रॉसिंग पहिल्यांदा मंठ्याच्याच एका साधूनं काढलं. बाहेरच्या लोकायनं त्याचं नाव दाबलं. आमचे मेव्हणे तर त्याची समाधी शोधून राह्यले. तुमच्या पुस्तकात हाय का तो?"

मुख्याध्यापक खिडकीकडे पाहू लागले. सदस्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. थट्टा नव्हती, त्यांना ते मनापासून खरे वाटत होते. आणि नेमणूक त्यांच्या हातात होती. हो, असा काही उल्लेख आढळतो, एवढे हळू म्हटले असते तरी भागले असते. हळू बोलण्यात तर माझा हात कोणी धरला नसता.

मी खडू खाली ठेवला.

"नाही साहेब," मी म्हणाले. "तो साधू मंठ्याचा नव्हता. तो मठात राहत होता. मठ! ही गोष्ट मीच आमच्या शेतात सांगितली होती, माझा आवाज पुरला नाही, म्हणून मठाचा मंठा झाला. तो युरोपातला, आज ज्याला चेक देश म्हणतात तिथला. मेव्हण्यांना कृपा करून सांगा, समाधी फार लांब आहे."

मुले हसली, मग मुलांना आवरता आवरता मुख्याध्यापक हसले. सदस्य हसले नाहीत. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"म्हणजे हे सगळं तुमच्यापासून निघालं?"

"हो साहेब."

"सोयऱ्यायला आता मी काय तोंड दाखवू?"

ते उठले, दाराशी गेले आणि तिथून वळून मुख्याध्यापकांना म्हणाले, "घ्या या बाईंना. माझ्या तोंडावर न्हाई म्हणल्या, अन् ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं."

जुलैत मी रुजू झाले. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी मला वडीगोद्रीच्या रस्त्यापर्यंत सोडले आणि बस सुटताना पळणाऱ्याच्या तोंडासारखे तोंड करून दाखवले. त्यानंतर दरवर्षी वाटाण्याचा धडा आला की मी मुलांना आधी गाव विचारायला लावते: कोण, कुठला, त्याच्या घरी कोण, मग शोध. त्या देशातला एक फार जुना शिक्षक मला पुढे सापडला. मुलांना चित्रांतून शिकवावे आणि मुलींनाही शिकवावे, असे त्याने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले होते आणि धर्माच्या लढायांत त्याला घरदार सोडून परमुलखात फिरावे लागले होते. त्याला मी वर्गात चित्रवाला म्हणते. नाव फळ्यावर लिहिते, पण मुलांच्या लक्षात राहतो तो चित्रवालाच. दुसऱ्या भावाच्या वाट्याला आलेल्या माणसांचीही चौकशी सुरू केली आहे. अजून सगळी भेटलेली नाहीत.

मंठेवाली आता थकली आहे. मंठ्यात मात्र आजही काही घरी साधूची गोष्ट सांगतात, असे ती म्हणते, आणि म्हणताना तिला वाईट वाटत असल्याचे मला कधी दिसले नाही. गेल्या दिवाळीत ती ओसरीवर बसली होती. मी तिला त्या देशाविषयी आणखी काहीतरी वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर तिने विचारले,

"आपण त्यायच्या इतक्या लोकायची चौकशी केली. त्यायच्याकडच्या बाया बी अशाच ओळीत उभ्या राहून काम करत असतील. त्यायनी आपल्या जिल्ह्याची चौकशी केली, तर कोणाचं सांगायचं?"

माझा आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत जातो, पण हे उत्तर माझ्या एकटीने द्यायचे नाही. म्हणून तिचा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवते. तुम्ही कोणाचे सांगाल?